पावट्यातला अडसर शोधणाऱ्या कमलाबाई

थंडी पडू लागली की गडहिंग्लजच्या बाजारात मिरचीच्या ठसक्याबरोबर हिरव्या पावट्याच्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. शेजारी कोवळी मेथी, मुळा, कांद्याची पात, गाजरे आणि हरभऱ्याचे डहाळे असतात. मेथी आणि पात भाकरीबरोबर तशीच कच्ची खाल्ली जाते. डहाळ्याचे घाटे तर घरी पोहोचेपर्यंत निम्मे सोलून संपतात. पावटा मात्र कोणी कच्चा मूठभर तोंडात टाकत नाही. तो सोलायचा, शिजवायचा आणि मगच पानात वाढायचा. या भागात आता शेतोशेती दिसणाऱ्या सोयाबीनचीही हीच गत. कच्चे बाधते, एवढे एकच कारण घरातल्या जाणत्या बायका सांगत आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ते पुरलेही.

पण बाधते म्हणजे नेमके काय होते? पावट्यात असे काय असते जे मेथीत नसते, आणि चुलीवर ठेवल्यावर ते जाते कुठे? या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी आपल्याकडच्या शेंगांवर, आपल्याकडच्याच प्रयोगशाळेत काम करून शोधली, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव अग्रभागी आहे. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या प्रवेशाची लढाई अनेकांना ऐकून माहीत असते. त्यांनी आयुष्यभर तपासले काय, हे त्या मानाने फारसे सांगितले जात नाही.

कमलाबाई मूळच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेचे सुरुवातीच्या काळातले विद्यार्थी. थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि लेखिका म्हणून दुर्गाबाई सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांनी ‘खमंग’ नावाचे पाककृतींचे पुस्तकही लिहिले आहे. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी एकीने स्वयंपाकघराकडे चवीच्या आणि परंपरेच्या अंगाने पाहिले, तर दुसरीने परीक्षानळीच्या.

मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन कमलाबाई बी.एस्सी. झाल्या, त्याही गुणवत्ता यादीत अग्रस्थानी. वडील आणि काका जिथे शिकले त्या बंगळुरूच्या संस्थेत आपल्यालाही प्रवेश मिळेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल पारितोषिक मिळून तीनच वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते, मुलगी असण्याचे होते. कमलाबाई थेट बंगळुरूला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत दारात सत्याग्रह करण्याची तयारी त्यांनी बोलून दाखवली. गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस होते. सत्याग्रह या शब्दाला वजन होते.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. काम पसंत पडले तरच ते वर्ष अभ्यासक्रमात धरले जाणार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत थांबावे लागणार. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. हा अपमान मात्र त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्या ही गोष्ट मोकळेपणाने आणि जाहीरपणे सांगत असत. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे मत बदलले होते आणि संस्थेचे दार पुढे इतर मुलींसाठीही उघडले. रामन यांच्या मोठेपणाला यामुळे बाध येत नाही असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. थोडा बाध येतो, हे मान्य करायला हरकत नसावी.

बंगळुरूला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केले. हा विषय तेव्हाही साधा नव्हता. ज्या देशातली मोठी लोकसंख्या मांस-मासळी खात नाही किंवा तिला ती परवडत नाही, तिथे शरीर घडवणारे प्रथिन प्रामुख्याने डाळीतूनच यायचे. एखाद्या डाळीत प्रथिन किती आहे, हा एक प्रश्न. त्यातले शरीराला मिळते किती, हा दुसरा. या दोन आकड्यांत अंतर असते, आणि ते अंतर गरिबाच्या ताटात सर्वांत महाग पडते. १९३६ मध्ये त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या.

तिथून केंब्रिज. १९३७ च्या अखेरीस त्या तिथे पोहोचल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गोलँड हॉपकिन्स तेव्हा तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना कमलाबाईंच्या टेबलावर आला तो बटाटा. बटाट्यावर काम करता करता त्यांना दिसले की, पेशींच्या श्वसनात महत्त्वाचे काम करणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या ऊतींमधल्या प्रत्येक पेशीत असते. अवघ्या १४ महिन्यांत त्यांचे संशोधन पूर्ण झाले. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. जिथे हे घडले त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९४८ मध्ये.

बाहेर राहून काम करण्याची संधी असतानाही १९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाची जबाबदारी घेतली, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक झाल्या. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. ते विमागणिताचे तज्ज्ञ होते. लग्नानंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजे आजच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. त्यांचे खरे मोठे काम इथलेच. संशोधक विद्यार्थी हाताशी होते आणि तपासायला सगळे मुंबईच्या बाजारात मिळत होते.

पावट्याची गोष्ट इथे सुरू होते.

आपण खाल्लेले प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी. तिचे बारीक तुकडे झाल्याशिवाय आतडे ते शोषू शकत नाही. हे तुकडे करणाऱ्या पाचकरसांत स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन महत्त्वाचे. ते साखळीवर कात्रीसारखे चालते. काही बियांमध्ये मात्र एक असे प्रथिन असते, जे या कात्रीच्या पात्यांतच जाऊन घट्ट बसते. कात्री शाबूत राहते, पण चालत नाही. या पदार्थाला ट्रिप्सिनरोधक म्हणतात. झाडाच्या बाजूने पाहिले तर यात वावगे काही नाही. बी हे त्याचे पोर आहे. ते किड्यांनी आणि जनावरांनी खाऊन पचवू नये, अशी तजवीज झाड करून ठेवते.

असे काहीतरी असावे याचा सुगावा अमेरिकेत आधीच लागला होता. १९१७ मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल या संशोधकांनी उंदरांना कच्चे सोयाबीन खाऊ घातले तेव्हा ते नीट वाढले नाहीत. तेच सोयाबीन शिजवून दिल्यावर वाढू लागले. पुढे चाळीसच्या दशकात कुनित्झ यांनी सोयाबीनमधला हा रोधक स्फटिकरूपात वेगळा केला. पण भारतात तेव्हा सोयाबीन खात होते कोण? इथल्या ताटात पावटा होता, वाल होता, हरभरा, तूर, मूग, मटकी होती. त्यांचे काय, हा प्रश्न परदेशी प्रयोगशाळांना पडण्याचे कारण नव्हते.

कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थ एकेक करून तपासायला घेतले. भाज्या तपासल्या, मग डाळी आणि कडधान्ये. पद्धत समजायला सोपी आहे. बियांच्या पिठाचा अर्क काढायचा, तो ट्रिप्सिनमध्ये मिसळायचा, त्या मिश्रणाला पचवण्यासाठी एखादे प्रथिन द्यायचे आणि अर्काशिवाय जितके पचले असते त्याच्या तुलनेत किती कमी पचले ते मोजायचे. १९५४ पासून या मालिकेतले निबंध प्रसिद्ध होऊ लागले. १९५५ मध्ये ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांच्या प्रयोगशाळेचे टिपण आले. त्यात भारतीय पावटा आणि डबल बी या दोन शेंगांतले ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपात वेगळे केल्याची नोंद होती. मुंबईच्या एका सरकारी संस्थेतल्या, फारशी साधने नसलेल्या प्रयोगशाळेतून हे घडले. पुढे साठच्या दशकात याच पावट्यातल्या दुसऱ्या एका उपद्व्यापी प्रथिनावर त्यांच्या गटाने काम केले. हे प्रथिन तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवते. आज त्या कुळाला लेक्टिन म्हणतात.

राजम्यात हे लेक्टिन फार असते. नीट न शिजलेले चार-पाच दाणेही मळमळ, उलट्या आणि जुलाब घडवायला पुरतात. त्यातली खाच अशी की, मंद आचेवर अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून तो किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात खळखळून उकळू द्यावा. आपला कुकर हे काम उत्तम करतो. तीन शिट्ट्या कमी करून गॅस वाचवण्याची ही जागा नव्हे.

उष्णतेने नेमके काय होते? रोधक आणि लेक्टिन ही दोन्ही प्रथिनेच. त्यांचा सारा उपद्रव त्यांच्या आकारात असतो, कुलपात किल्ली बसावी तसा. ओलाव्यासह पुरेशी उष्णता मिळाली की त्यांच्या घड्या उलगडतात, आकार मोडतो आणि ती साध्या अन्नासारखी पचून जातात. पाणी इथे महत्त्वाचे आहे. भिजवलेला दाणा आतपर्यंत तापतो, कोरडा नुसता वरून करपतो. पावटा रात्री भिजत घालायचा, मोड आणायचे, सोलायचा आणि मग शिजवायचा, ही घरोघरची रीत या दृष्टीने चोख आहे. भिजवल्याने आणि मोड आल्याने रोधकाचा काही भाग कमी होतो. उरलेले काम चुलीचे.

कच्च्या दाण्याने फक्त प्रथिन वाया जाते असेही नाही. कात्री अडली की स्वादुपिंड आणखी कात्र्या तयार करून पाठवते. या पाचकरसांत गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागतात, आणि कडधान्यात नेमकी त्यांचीच चणचण असते. म्हणजे आधीच अपुऱ्या असलेल्या शिलकीतून उलट खर्च होतो. कच्चे सोयाबीन खाणाऱ्या उंदरांचे आणि कोंबडीच्या पिल्लांचे स्वादुपिंड सुजून मोठे झालेले दिसले, ते यामुळे. दोन घास कच्चे गेले म्हणून कोणी आजारी पडत नाही. चैत्रात हळदीकुंकवाला कैरीची डाळ करतात, ती भिजवलेली पण कच्चीच असते आणि वाटीभरच खाल्ली जाते. काकडीच्या कोशिंबिरीत मूगडाळ पडते तीही मूठभर. प्रश्न येतो तो कच्चे कडधान्य रोजचे मुख्य अन्न झाले तर, विशेषतः ज्या मुलाच्या ताटात प्रथिनाचे दुसरे काही नाही त्याच्या बाबतीत. कमलाबाईंच्या कामाचा रोख त्या मुलाकडे होता.

मात्र शिजवलेले तेवढे चांगले, असा त्यांचा सरसकट निष्कर्ष नव्हता. नीरेची गोष्ट पाहा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताड-माडाच्या या रसाचा अभ्यास हाती घेतला. नीरा हा ताजा, न तापवता प्यायचा पदार्थ. पहाटे उतरवावा आणि गारव्यात ठेवावा. ऊन चढले की हवेतले यीस्ट तिची ताडी करून टाकते. कमलाबाईंना तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. पुढचा निष्कर्ष अधिक उपयोगाचा होता. रस आटवून गूळ केला तरी त्यातले हे घटक तगून राहतात, असे त्यांना दिसले. गुऱ्हाळावरचा ताजा रस, काकवी आणि गूळ ही तीनही रूपे ज्यांनी लहानपणापासून चाखली आहेत त्या इकडच्या माणसाला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. नीरा दूरच्या पाड्यावर ताजी पोहोचू शकत नाही, गूळ पोहोचतो. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

दुधाच्या बाबतीत पारडे पुन्हा आचेकडे झुकते. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला गुणवत्तेबाबत कमलाबाईंनी सल्ला दिला. कोल्हापूर जिल्ह्यात धारोष्ण दुधाचा अभिमान मोठा. तालमीतल्या पोरांना कट्ट्यावर म्हशीचे दूध समोर काढून मिळते, ही या मातीची ओळखच आहे. त्या दुधाच्या ताजेपणाबद्दल शंका नाही. पण जनावर वरून धडधाकट दिसत असले तरी ब्रुसेलोसिस किंवा क्षयाचे जंतू त्याच्या दुधातून येऊ शकतात, आणि ताजेपणाने जंतू मरत नाहीत. ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवले तरी ते मरतात. घरी एक उकळी पुरेशी. यात क जीवनसत्त्व काहीसे कमी होते, पण दूध हा मुळात त्याचा मोठा साठा नाही. प्रथिन आणि चुना जागच्या जागी राहतात.

त्या जीवनसत्त्वासाठी जायचे ते आवळा, पेरू, लिंबू, हिरवी मिरची आणि कच्च्या पालेभाजीकडे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि आचेवर टिकत नाही, म्हणून भाकरीबरोबरची कच्ची मेथी आणि पात ही सवय मोडण्याचे कारण नाही. फक्त पाने वाहत्या पाण्याखाली सुटी करून दोन-तीनदा धुवावीत. जमिनीलगतच्या भाजीवर माती, जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. गाजराचे उलटे. ते कच्चेही चालते, पण थोड्या तेलातुपात शिजवले तर त्यातला अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल शरीराला जास्त मिळतो. बटाटा, ज्याने कमलाबाईंना डॉक्टरेट दिली, तो शिजवूनच खावा, कारण कच्च्या बटाट्यातला स्टार्चचा कण आपल्याला नीट फोडता येत नाही. मात्र हिरवा पडलेला बटाटा उकडूनही सुधारत नाही. त्यातले सोलानिन उष्णतेला दाद देत नाही. भुईमुगावर बुरशी आली असेल तर तिथेही तसेच. ते दाणे भाजले तरी अफ्लाटॉक्सिन पुरते जात नाही, म्हणून काळपट, सुरकुतलेले, खवट दाणे वेचून टाकून द्यायचे.

आणि मोड आलेले मूग-मटकी? त्यांत रोधक कमी उरतो, मुगात तर मुळातच तो फार नाही. धोका दुसरीकडून येतो. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. घरच्या मोडांना एक चांगली वाफ दिली की ही काळजी राहत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी तर ती द्यावीच.

विज्ञान संस्थेत कमलाबाई पुढे संचालक झाल्या, पण अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. बंगळुरूच्या दारात जे उघडपणे झाले, ते इथे फाइलींच्या आड झाले, एवढाच फरक. निवृत्तीनंतर त्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या कामात रमल्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी सुरू केलेली ही संस्था. तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत असत; १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘आहारगाथा’ हे पुस्तक लिहिले.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बेल्जियममधल्या संशोधकांनी अंड्यावरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. पाच जणांना अंडे एकदा शिजवून आणि एकदा कच्चे देऊन, त्यातले प्रथिन किती पचते ते त्यांनी मोजले होते. शिजवलेल्या अंड्यातले सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले ५१ टक्के. तालमीत आणि जिममध्ये कच्ची अंडी पेल्यात फोडून पिणारे आजही आहेत.